ते विमान लहान आहे गं!

बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमध्ये ब्रॅटल नावाचं जुनं थिएटर आहे. दर व्हॅलेंटाइन डेच्या सुमाराला तिथे 'कॅसाब्लांका' लागतो. १९४२चा सिनेमा, तरी बाहेर रांग. त्याचा नायक हम्फ्री बोगार्ट १९५७ साली गेला, त्याच वर्षी ब्रॅटलने हा लावला आणि हार्वर्डच्या पोरांना वेड लागलं. मी गेले तेव्हा शेजारच्या आजीबाई बोगार्टच्या आधीच त्याचे संवाद पुटपुटत होत्या. आपल्या गडकरी रंगायतनला मागून "शूऽऽ" आलं असतं. तिथे मात्र आख्खं थिएटरच पुटपुटत होतं!

सध्या सुट्टीत ठाण्याला आलेय. नौपाड्यातल्या घरी बाबांना तो लॅपटॉपवर लावून दिला. बाबांनी तरुणपणी हौशी नाटकांची नेपथ्यं केलीत, त्यामुळे त्यांचा डोळा कायम भिंती-दारांवर. शेवटी विमानतळ, धुकं, ताटातूट. माझा गळा दाटलेला आणि बाबा म्हणतात, "थांब, जरा मागे घे. ते विमान लहान आहे गं!"

खरंच लहान आहे. तो प्रसंग स्टुडिओत घेतलाय. नकली, छोटं विमान मोठं भासावं म्हणून भोवती कमी उंचीचे मेकॅनिक उभे केले, बाकीचं धुक्याने झाकलं. मग मीही सुरू झाले. शूटिंग सुरू झालं तेव्हा पटकथाच पुरी नव्हती, आपलं प्रेम नक्की कुणावर, नवऱ्यावर की बोगार्टवर, हे नायिका इन्ग्रिड बर्गमनला कुणी सांगेना. कॅफेतला पियानोवाला सॅम झालेला डूली विल्सन मुळात ड्रमवाला, पियानो दुसराच वाजवायचा.

"म्हणजे पेटीवाला विंगेत," बाबा खूश.

पण कॅफेत जर्मन अधिकाऱ्यांच्या गाण्यावर सगळे फ्रेंच राष्ट्रगीत चढवतात, तिथे बाबांनी नेपथ्य पाहिलं नाही. रडत गाणारी ती मुलगी, मादलेन लबो, १९४०मध्ये खरोखर पॅरिसहून पळून आलेली. सेटवर असे निर्वासित बरेच. जर्मन मेजर झालेला कॉनराड फाइट तर ज्यू बायकोसह १९३३मध्येच जर्मनीतून निघालेला. आई मेथी निवडता निवडता दारात थबकली होती. जुडी तशीच हातात.

"कुणाबरोबर गेली शेवटी?" तिने विचारलं.

"नवऱ्याबरोबर."

"मग बरं," म्हणून ती आत गेली. (मला नाही पटलेलं. असो.)

शनिवारी मी परत निघतेय. बॅगेचं वजन करताना बाबांनी हळूच विचारलं, "तुझं विमान तरी पुऱ्या मापाचं आहे ना?"