कडेच्या प्लॉटवर राहायचं तर आधी हौद

तालुक्याचं गाव कडेनं वाढतं. शेतात प्लॉट पडतात, घरं उठतात, पण पाइपलाइन जुन्याच मापाची राहते. म्हणून शेवटच्या गल्लीत नळाला दाबच नसतो. तिथे गच्चीवरच्या टाकीआधी जमिनीखालचा हौद बांधा. पाणी चार दिवसांआड येत असेल, तर पाच माणसांना माणशी रोज 100 लिटरने 2500 लिटर लागतात. एखादी पाळी चुकतेच, त्यामुळे हौद 5000 लिटरचा हवा. झाकणाची कड वीतभर उंच ठेवा, नाहीतर पावसाचा गढूळ लोंढा आत शिरतो.

नळाला थेट मोटार लावणं हा शेजाऱ्यांवर अन्यायच आहे. त्यांचा नळ कोरडा पडतो, शिवाय मोटारीच्या ओढीनं गळक्या जोडातून गटाराचं पाणी पाइपात शिरतं.