आवाज होऊ दिला नाही

रात्री साडेनऊला काकू कॅज्युअल्टीत आल्या. वय 61. 'पित्त झालंय' हे मुलानेच सांगितलं, त्या फक्त जबड्याला हात लावून बसल्या होत्या. आमच्या ज्युनिअरने केसपेपरवर 'घाबरल्या आहेत' लिहिलं आणि पित्ताचं इंजेक्शन दिलं. हार्ट अटॅकचा संशय असलेल्या अशा पेशंटचा ईसीजी 10 मिनिटांत निघायला हवा. हा 40 मिनिटांनी निघाला. पुरुष असता तर आल्या आल्या निघाला असता, हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

निघालेलाही मी परत काढायला लावला. बायकांचा ईसीजी काढताना संकोचापायी छातीवरचे व्ही-थ्री, व्ही-फोर हे इलेक्ट्रोड वरच कुठेतरी चिकटवून मोकळे होतात. बरगड्या मोजाव्या लागतात. व्ही-फोर पाचव्या फटीत, स्तन हलकेच उचलून त्याच्या खाली. दोन बोटं वर गेलं की आलेख बदलतो. पडदा ओढायचा, अंगावर चादर द्यायची, विचारून हात लावायचा. एवढं केलं तर बाई अवघडत नाही. नीट लावल्यावर आलेखातला एसटी हा भाग वर गेलेला स्वच्छ दिसला, हार्ट अटॅकमध्ये जातो तसा.

अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यात डाय सोडल्यावर कळलं: टोक फुग्यासारखं फुगलेलं, हलत नव्हतं, वरचा भाग मात्र जोर लावून आकुंचन पावत होता. टाकोत्सुबो, म्हणजे तीव्र ताणाने हृदय तात्पुरतं कमजोर होण्याचा आजार. जपानमध्ये ऑक्टोपस पकडायला अरुंद तोंडाचं मडकं वापरतात, त्याचं नाव. दहातल्या साधारण नऊ पेशंट बायका, बहुतेक पाळी गेलेल्या. अ‍ॅड्रेनलिनचा लोट येतो आणि हृदयाचं टोक लुळं पडतं.

मुलांना बाहेर पाठवून विचारलं, "काकू, आज काय झालं?"

"काही नाही. घराच्या कागदांवर सही मागितली. सगळं आधीच ठरवलं होतं."

"राग आला?"

बराच वेळ गप्प होत्या. "हातात कपबशी होती. खाली ठेवली. आवाज होऊ दिला नाही."

रागाचा भडका उडाल्यावर पुढचे साधारण दोन तास हार्ट अटॅकचा धोका वाढलेला असतो, हे आम्ही शिकवतो. भडक्याची वेळ नोंदवता येते. गिळलेल्या रागाची कधीपासून धरायची? आमच्या फॉर्मवर शुगर, बीपी, तंबाखू, घराण्यातला हृदयविकार, सगळ्याला रकाना आहे.

डिस्चार्ज कार्डावर मी 'मानसिक ताण' लिहिलं. 'राग' लिहिणार होते, पण कार्ड मुलगा वाचणार होता.

सहा आठवड्यांनी इको नॉर्मल आला. मुलगा म्हणाला, "आई आता एकदम शांत असते." काकू माझ्याकडे बघत होत्या. मी त्याला बाहेर बसायला सांगितलं.