लाईट लावू का?

दुपारचे साडेतीन वाजले आणि माझा हात भिंतीवर बटण चाचपायला लागला.

"बाबा, नको ना," लेक स्वयंपाकघरातून ओरडली. तिला मी दिसतही नव्हतो. पण खुर्ची सरकल्याचा नुसता आवाज झाला तरी या घरात आता ओळखतात, निघाला हा माणूस लाईट लावायला.

कोपनहेगनमध्ये डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. मधल्या वेळात तो दिसेलच असं नाही. ढगामागून हजेरीपुस्तकावर सही करायची आणि निघून जायचं, असा प्रकार. पुण्यात या वेळी माणसं वामकुक्षी आटोपून चहाचं आधण ठेवतात. इथे दिवेलागण झालेली असते. दिवेलागण म्हणजे अक्षरशः दिवेलागण, कारण लेक काडेपेटी घेऊन घरभर फिरते. खिडकीच्या कट्ट्यावर तीन मेणबत्त्या, टेबलावर एक, पुस्तकांच्या फळीवर एक. मग कोपऱ्याकोपऱ्यातले बुटके दिवे. मी मोजले, एका खोलीत सात. सातांच्या उजेडात मिळून पेपर वाचता येत नाही.

"याला हायगे म्हणतात ना?" आल्या आल्या मी एका उशीच्या खोक्यावरची अक्षरं जुळवत विचारलं होतं. जावई हसले. हायगे नाही, ‘ह्यूग’, आणि शेवटचा ‘ग’ गिळल्यासारखा करायचा. मला तो गिळता येत नाही. मी मनातल्या मनात त्याची ‘हायगय’ करून टाकली आणि गंमत म्हणजे ती बरीच जुळते. लोळा, पाय वर घ्या, जाड मोजे घाला, कुणी काही करू नका. शब्द मुळात नॉर्वेकडून आलेला. डॅनिश लोकांनी त्याचं घर केलं. २०१६ साली तो ऑक्सफर्डच्या ‘वर्षाचा शब्द’च्या अंतिम यादीत जाऊन बसला आणि मग जगभर उशा, दुलया आणि मेणबत्त्या विकणाऱ्यांचं फावलं. इथल्या माणसांना मात्र त्यात विकत घेण्यासारखं काय आहे ते कळत नाही. त्यांच्याकडे खिडकीशी गादी टाकून केलेल्या बसायच्या कोपऱ्यालासुद्धा वेगळा शब्द आहे, ‘ह्यूगक्रोग’. आमच्या हिनं पहिल्याच दिवशी तो बळकावला. विणकाम, शाल आणि मेंढीचं कातडं. मला उरली खुर्ची.

त्या खुर्चीबद्दल सांगितलंच पाहिजे. हान्स वेगनर नावाच्या गृहस्थांनी १९४९ मध्ये तिचा आराखडा केला. पाठीला इंग्रजी वाय अक्षर, आणि बैठक विणलेली, तीही कागदाच्या दोरीनं. सुमारे १२० मीटर दोरी हातानं विणतात. लेकीनं ती जुन्या सामानातून आणली, तरी तिची किंमत ऐकून मी ताबडतोब रुपयांत हिशोब केला आणि ताबडतोब सोडून दिला. पहिले दोन दिवस मी तिच्यावर अर्धवटच टेकलो. माझं वजन ब्याऐंशी किलो आणि खाली कागद. आजोळच्या सुंभाच्या बाजेवर आम्ही पाच भावंडं एकदम उड्या मारायचो तेव्हा असली शंका आली नव्हती. पण बाज कुरकुरून आधी सांगायची तरी. ही खुर्ची काही बोलतच नाही.

तर दिव्यांचं. इथे भाड्याचं घर घेतलं की छताला नुसती वायर लोंबत असते. दिवा आपला आपण आणायचा आणि घर सोडताना बरोबर न्यायचा. लेकीच्या जेवणाच्या टेबलावर जो लोंबतो तो म्हणजे त्यांचं कुलदैवत, पीएच-५. पॉल हेनिंग्सन यांनी १९५८ मध्ये केलेला. मोठी छत्री ५० सेंटिमीटरची, म्हणून पाच. एकाखाली एक थाळ्या रचल्यासारखा दिसतो. मी उभा राहून, बसून, शेवटी टेबलाखालचा चमचा उचलायच्या निमित्तानं वाकून बघितलं, बल्ब काही डोळ्यांवर येईना. हेच त्याचं कसब. हेनिंग्सन रॉकेलच्या दिव्यांत वाढलेला माणूस. विजेचा उघडा बल्ब आला आणि त्याच्या डोळ्यांत खुपला. मग विसाच्या दशकापासून जन्मभर तो एकच काम करत राहिला: बल्ब लपवायचा आणि उजेड राखायचा.

मी नेमक्या उलट पंथाचा. मला ट्यूबलाईट आवडते. पांढरी, चार फुटी, खोलीतली कोळिष्टकंसुद्धा दाखवणारी. स्टार्टरची ती टिकटिक, दोनदा मिचकावणं आणि मग भक्कन उजेड. संध्याकाळी ती लागली की आई तिलासुद्धा हात जोडायची. अंधूक उजेडात जेवायचं म्हणजे मला आमटीत काय आहे याचा भरवसा वाटत नाही. पहिल्या आठवड्यात लेकीची एक डॅनिश मैत्रीण आली होती. सगळे छान गप्पा मारत असताना मी चष्मा शोधायला म्हणून छतावरचा एकमेव झगझगीत दिवा लावला, तर तिनं डोळ्यांवर हात घेतला आणि हसत काहीतरी म्हणाली. ‘ल्यूसेस्लुकर’. लेकीनं अर्थ सांगितला: मेणबत्त्या विझवणारा. म्हणजे रंगाचा बेरंग करणाऱ्याला त्यांच्या भाषेत हेच म्हणतात.

हे मला फार लागलं. कारण दिवा विझवण्याच्या बाबतीत माझ्याइतका पथ्य पाळणारा माणूस त्या अख्ख्या इमारतीत नसेल. फुंकर मारून दिवा विझवायचा नाही, आणि विझवला म्हणायचं नाही, शांत केला म्हणायचं. इथे रात्री झोपताना जावई फूऽ करत सगळ्या मेणबत्त्यांवरून फिरतात तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जातो.

वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. पंचाऐंशी ओलांडलेल्या, एकट्या, जिना स्वतः चढतात. परवा चहाला आल्या. हिनं रव्याचे लाडू दिले, त्यांनी सुरी मागून त्याचे नीट चार भाग केले. मी खिडकीतल्या मेणबत्त्यांकडे बघून सहज म्हटलं, पडदे लावत नाही का हो तुम्ही लोक? सगळं घर रस्त्यावरून दिसतं. लेकीनं भाषांतर करून सांगितलं. आजींनी लाडूचा चौथा भाग संपवला, बोटं पुसली आणि मग बोलायला लागल्या.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी खिडक्यांना काळे पडदे, पाच वर्षं. रात्रीच्या वेळी उजेडाची खिडकी रस्त्यावरून कशी दिसते, हे आठ वर्षांच्या होईपर्यंत त्यांनी पाहिलंच नव्हतं. ४ मे १९४५, रात्री साडेआठच्या सुमारास लंडनच्या रेडिओवर डॅनिश बातम्या चालू होत्या आणि मधेच निवेदकानं सांगितलं की जर्मनांनी शरणागती पत्करली. आजींच्या आईनं पडदा सोडवला नाही, ओढून फाडला. खाली रस्त्यात कुणीतरी शेकोटी केली होती, त्यात टाकला. मग घरात होत्या तेवढ्या मेणबत्त्या खिडकीत ठेवल्या. समोरच्यांनीही ठेवल्या होत्या. अजूनही दर ४ मेच्या संध्याकाळी इथे खिडक्यांत मेणबत्त्या लावतात. आजी दोन लावतात. त्यांनी अजून एक सांगितलं: त्याच अंधाराच्या वर्षांत आमच्या थाळ्यांवाल्या हेनिंग्सननं इथल्या तिवोली या करमणुकीच्या बागेसाठी वरून विमानाला दिसणार नाहीत असे दिवे करून दिले होते, म्हणून बाग रात्रीची चालू राहिली.

आजी गेल्या. टेबलावर एक मेणबत्ती होती, तिच्यावर १ ते २४ आकडे छापलेले. डिसेंबरात रोज एक आकडा जाळायचा आणि नाताळपर्यंत पोचायचं, अशी पद्धत. आमच्या हिनं एके दिवशी ती लावली आणि मोबाईलवर पुण्याशी बोलत बसली, त्यात चार दिवस जास्तीचे जळाले. त्यामुळे तारीख होती १२ आणि मेणबत्तीवर १६ वितळत होता. मी बघत बसलो.

१६ डिसेंबर.

१९७१ साली मी नऊ वर्षांचा होतो. लालबागची चाळ, दोन खोल्या. ३ तारखेला युद्ध सुरू झालं आणि मुंबईत ब्लॅकआऊट. वह्यांना घालायचा खाकी कागद आई खळ करून तावदानांना डकवत होती. गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. गिरणीचा भोंगा आणि सायरन यांतला फरक आम्हा पोरांना आठवड्यात पाठ झाला. खालून शिट्ट्या यायच्या, "ए, दुसरा मजला, लाईट!" आणि दुसरा मजला म्हणजे बहुतेकदा आम्हीच. ट्यूब बंदच असायची. शेवटी अण्णांनी उरलेल्या खाकी कागदाचा एक लांबट शंकू केला, गोंदानं चिकटवला आणि स्वयंपाकघरातल्या पंचवीसच्या बल्बाला वरून घातला. त्याच्याखाली उजेडाचा एक गोल पडायचा. त्या गोलात चार ताटं कशीबशी मावायची. पिठलं, भात, आणि बाहेरून आत येणारे चार हात. चेहरे अंधारात. कागद तापला की त्याला भाजल्याचा वास यायचा आणि आई म्हणायची, लवकर जेवा रे. भीती वाटत होती का, ते खरंच आठवत नाही. वास आठवतो.

तो शंकू करायची युक्ती तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी सांगितली होती. त्यांचा मुलगा नौदलात. गणपतीला सुटीवर आला तेव्हा त्यानं आम्हाला कॅरममध्ये राणी कशी घ्यायची ते शिकवलं होतं.

१६ तारखेला पाकिस्तानी सैन्य ढाक्यात शरण आलं. एक-दोन दिवसांत ब्लॅकआऊट उठला. आम्ही पोरं तावदानांवरचे कागद नखांनी खरवडत होतो, चाळभर तोच आवाज. अण्णांनी ट्यूब लावली. एरवी दर दहा मिनिटांनी "बिल कोण भरणार?" विचारणारा माणूस, त्या रात्री दोन्ही खोल्यांतले दिवे झोपेपर्यंत जळत होते आणि ते एकदाही काही बोलले नाहीत. गॅलरीत उभं राहिलं की समोरची चाळ वरपासून खालपर्यंत पांढरी दिसत होती.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीचा कागद मात्र तसाच राहिला. नौदलाची ‘खुकरी’ ९ तारखेला बुडाली होती. मावशींना कुणी काही म्हणालं नाही. पुढच्या पावसाळ्यात तो कागद भिजून आपला आपण गळून पडला.