गाव कोणतं?

२६ नोव्हेंबर

भाच्याला पुण्यात खोली मिळाली. ताईनं फोनवर सांगितलं, आणि मग हसत हसत पुढचंही. मालकानं गाव विचारलं. पोरगं म्हणालं, गेवराई. तर मालक म्हणतो, "म्हणजे त्या अबू जुंदालचं?" खोली दिली त्यानं, भाडंही बरं आहे. ताईचा विषय तिथंच संपला. मला मात्र दुपारपासून काही सुचत नाही.

काय घोडं मारलंय आमच्या गावानं? या दिवसांत निम्मा तालुका ऊसतोडीला गेलेला असतो. पाचटाच्या खोपीत, अंगावर थंडी घेत. त्यांच्यावरून कुणी गेवराई ओळखत नाही. ओळख काय, तर तो एक माणूस, दहशतवादी ठरलेला अबू जुंदाल.

९ मे २००६ ला चांदवड-मनमाड रस्त्यावर एटीएसनं, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकानं, पाठलाग करून गाडी धरली. ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७. हा दुसऱ्या गाडीतून निसटला, असं पोलिसांचं म्हणणं. २०१२ मध्ये सौदीतून आणला, २०१६ मध्ये शस्त्रसाठ्याच्या खटल्यात जन्मठेप. २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला, त्या रात्री कराचीत बसून फोनवर सूचना देणाऱ्यांत तो होता, हल्ला करणाऱ्या दहा जणांना हिंदी त्यानंच शिकवलं, हा आरोप वेगळाच. १६६ माणसं गेली. सीएसटीवर तर बोचकी उशाला घेऊन लांबच्या गाडीची वाट बघत बसलेले लोक. आपण मुंबईहून निघताना तसेच तर बसतो.

गुजरातच्या दंगलींचा सूड, असं कारण कोर्टात निघालं. दंगल तर टीव्हीवर सगळ्यांनीच पाहिली होती. त्याच्याच वयाची, त्याच गल्ल्यांतली बाकीची पोरं वायरिंग करत राहिली, गॅरेजात राबली. मग एकच कसा गेला? आणि सूड कुणावर? सीएसटीवर मेलेल्यांत मुसलमान प्रवासीही होतेच की. कुणी त्याला गाठलं, काय सांगितलं, कुठल्या दिवशी तो घरच्यांशी नीट बोलेनासा झाला, हे गावानं एकदा बसून बोलायला हवं होतं. बोललं नाही. चॅनेलवाल्यांच्या गाड्या आल्या, तेव्हा शेजारच्या मामूंनी दुकानाचं शटर निम्मं ओढलं आणि आत अंधारात हिशोबाची वही उघडून बसले. तेव्हापासून ते परगावी गावाऐवजी जिल्हा, 'बीड' एवढंच सांगतात. त्यांच्या धाकट्याच्या पासपोर्टचं तर... जाऊ दे.

रात्री जरा शांत झाल्यावर वाटलं, मालकाचं तरी काय चुकलं? पेपरात जे छापून आलं, तेच त्याच्या लक्षात राहिलं. तो आमच्याच गावचा, हे काही पुसता येत नाही. भाच्याला सांगणार आहे, बीड म्हणू नकोस, गेवराईच सांग. विचारलं तर 'हो, तिथलाच' म्हण आणि पुढं बोल.

मामूंच्या धाकट्यालाही पुढच्या वर्षी पुण्याला जायचंय. त्याला हाच सल्ला द्यायचं धाडस मला होत नाही.