बेंदूर कुठला?

कागल मागे टाकून कोगनोळीचा टोलनाका आला की पाट्या कानडी होतात. निपाणीच्या गल्लीत दार मात्र 'कोन हाय?' म्हणतच उघडतं. ऐकणाऱ्याला वाटेल, मग अडचण कसली? आरोग्य पाहणीचा फॉर्म कानडीत, आणि आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, दारात उभ्या उभ्या त्याचं मराठी करणार. दहा घरांत तोच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला जातो. म्हणून प्रश्न आधीच मराठीत लिहून घ्यायचे आणि मूळ फॉर्म न पाहिलेल्या माणसाकडून परत कानडीत करवून ताडून बघायचे.

एवढं करूनही तारखा घात करतात. गरोदर बाईला शेवटच्या पाळीची तारीख विचारली की उत्तर बैलांच्या सणावरून येतं, 'बेंदराच्या आदल्या आठवड्यात.' बेंदूर कुठला? कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला, महाराष्ट्राचा आषाढात. भलता धरला तर महिन्याचा फरक पडतो आणि पूर्ण दिवसांचं बाळ कागदावर अपुऱ्या दिवसांचं होतं. नाव विचारत बसण्यापेक्षा 'वडाला फेऱ्या घातल्या त्याच दिवशी बैल सजवले का?' असं विचारावं, लगेच उलगडतं.

ऊसतोडीची टोळी पहाटेच फडात जाते, तेव्हा खोपीवर जायचं ते संध्याकाळी. सही न येणाऱ्या बाईचा संमतीसाठी अंगठा घेताना पथकाबाहेरचा साक्षीदार लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसं आहे. हाताशी असतो तो मुकादम, आणि नेमका तोच नको. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, त्याच्याकडून घेतलेली, त्याच्यासमोर ती 'नाही' कशी म्हणेल?

हिमोग्लोबिन तपासताना कोयत्याने घट्टे पडलेल्या बोटातून रक्त सावकाश येतं, मग पिळायचा मोह होतो. पिळलं की ऊतींतलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. हात कोमट पाण्याने धुवावा, स्पिरिट पुरतं वाळू द्यावं, अनामिकेच्या कडेला टोचावं, पहिला थेंब पुसून टाकावा. गरोदरपणात ११ ग्रॅमखाली रक्तक्षय धरतात. काठावरच्या बाईचा निकाल नुसत्या पिळण्यानेही फिरतो.

बाळंतपणातल्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा याच बेळगाव जिल्ह्यातला अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. १६२० बायका, गोळ्या घेतलेल्यांत ६.४ टक्के जणींना जास्त रक्तस्राव झाला, नुसती दिसायला तशीच गोळी मिळालेल्यांत १२ टक्के. रक्त मोजलं होतं बाईच्या अंगाखाली पसरलेल्या, मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिक पिशवीत. भिजलेल्या लुगड्याकडे बघून केलेला अंदाज बहुधा कमीच भरतो.