छातीवरचा डबा कमरेला जाईपर्यंत

संरक्षण क्षेत्रातल्या नव्या शोधांना अनुदान देणाऱ्या संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेत आमच्या भोसरीतल्या छोट्या कंपनीची निवड झाली, तेव्हा अवघड भाग संपला असं मला वाटलं होतं. पायदळाच्या जवानाने अंगावर घालायचा संच करायचा होता: छोटा संगणक, नकाशाची स्क्रीन, रेडिओ आणि सगळ्यांना पुरेल अशी एक बॅटरी. अनुदानाचा हप्ता टप्पा पूर्ण झाल्यावरच मिळतो. मला तो नियम पटतो.

पहिला नमुना एका युनिटमध्ये नेला. साताऱ्याकडच्या एका हवालदारांनी तो चढवला, रायफल घेऊन मातीत पोझिशन घेतली आणि दोनच मिनिटांत उठले.

"मॅडम, तुम्ही एकदा आडवं पडून बघा."

मी पडले. छातीवरच्या संगणकाच्या डब्याची कड बरगडीत रुतली, रायफलचा दस्ता खांद्याला बसेना आणि मान वर केली की हेल्मेटची मागची कड जाकिटाला अडायची. आठ महिने आम्ही तो डबा टेबलावर तपासत होतो. पोटावर कुणी झोपलंच नव्हतं! ऑगस्ट २०२२ मध्ये लष्कराला सुपूर्द झालेल्या एफ-इन्सास या पायदळ जवानाच्या आधुनिक साहित्याच्या संचात एके-२०३ रायफल, बॅलिस्टिक हेल्मेट, बुलेटप्रूफ जाकीट हे सगळं आधीच आहे. आमचं ओझंही त्याच अंगावर चढणार होतं.

संगणक कमरेमागे नेला, छातीवर फक्त दुमडणारी पातळ स्क्रीन ठेवली.

मग जेएसएस ५५५५५ या लष्करी उपकरणांच्या मानकानुसार चाचण्या. धूळ, पाऊस, हादरे यांतून संच निभावला. थंडीने मात्र अडवलं. उणे २० अंशांत संगणक चालू राहायचा, पण रेडिओचं बटण दाबलं की बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. तीन रात्री आम्ही सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसलो. दोष बॅटरीत होता. गारठलेल्या लिथियम-आयन सेलचा अंतर्गत रोध वाढतो. रेडिओने एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. ऐन चकमकीत मदत मागायला बटण दाबावं आणि नकाशाच जावा, हे मला सहन होत नव्हतं. बॅटरी जाकिटाच्या आत, अंगाच्या उबेला नेली आणि संगणकासाठी वेगळा कपॅसिटर, म्हणजे क्षणभर वीज पुरवणारा भाग, बसवला.

दुसऱ्या खेपेला तेच हवालदार होते. आडवे झाले, दस्त्याला गाल टेकवला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग पडल्यापडल्याच म्हणाले, "आता ही केबल पाठीमागून फिरवा, मॅडम. मॅगझिन काढताना हात अडकतोय."