एक षष्ठांश उंट

गेले दीड वर्ष आमच्या जेवणाच्या टेबलावर एक उंट बसून होता आणि आम्ही दोघे स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होतो. उंट म्हणजे सॉपविथ कॅमल, पहिल्या महायुद्धातले ब्रिटिशांचे दुपंखी लढाऊ विमान. १९१७ च्या जूनमध्ये ते आघाडीवर आले. वैमानिकाच्या पुढ्यातल्या दोन मशीनगनांवर पत्र्याचे फुगीर झाकण होते, त्यावरून वैमानिकांनी त्याला उंट म्हणायला सुरुवात केली. हे विमान कोल्हापुरात तयार झाले असते, तर तेच झाकण लोकांना वशिंडासारखे दिसले असते आणि विमानाला बैल हे नाव पडले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी बांधत होतो ते त्याचे रेडिओवर चालणारे प्रतिरूप, बरोबर एक षष्ठांश मापाचे. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार २८ फूट, माझ्या विमानाचा ५६ इंच. हा भागाकार फार समाधान देणारा असतो. चाकाचा व्यास, पंखांमधल्या खांबांची उंची, आसनाच्या काठावरची चामड्याची गादी, जे जे दिसेल त्याला सहाने भागावे आणि बाल्सा लाकडातून कापावे. त्या गादीसाठी चप्पल लाईनमधल्या एका कारागिराने मला कातड्याची कातरण अशीच देऊन टाकली. चपलेच्या पट्ट्यालाही पुरणार नाही एवढ्या तुकड्याचे पैसे काय घ्यायचे, असे त्याचे म्हणणे पडले.

भागाकाराचा आनंद वजनापाशी येऊन संपतो. लांबी सहाव्या हिश्शाची झाली की पंखांचे क्षेत्रफळ छत्तिसाव्या हिश्शाचे होते आणि वजन दोनशेसोळाव्या हिश्शाचे व्हावे लागते. सर्व सामानासह सुमारे ६६० किलो भरणाऱ्या विमानाचे प्रतिरूप त्या हिशेबाने तीन किलोंच्या आसपास राहायला हवे आणि ते तसे राहतेही. अडचण असते ती हे वजन कुठे आहे याची. कॅमलचे नाक आखूड होते. इंजिन, मशीनगना, इंधन आणि वैमानिक हे सारे पुढच्या सात फुटांत कोंबलेले असल्यामुळे ते विमान चपळ झाले होते. माझ्या विमानाचे इंजिन मुठीएवढे, त्यामुळे शेपटी जड आणि नाक हलके. नाकात शिसे भरल्याशिवाय ते उडणे शक्य नव्हते.

शिसे भरणे माझ्या जिवावर आले. सहा-सहा ग्रॅम वाचवण्यासाठी फासळ्यांना भोके पाडायची आणि शेवटी नाकात तीनशे ग्रॅम ओतायचे, म्हणजे पै पै जोडून लग्नात उधळण्यासारखेच झाले. तेव्हा कॅमलचे मूळ इंजिन आठवले. क्लर्जे जातीच्या त्या इंजिनाला नऊ सिलिंडर होते, चक्राच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले, आणि गंमत अशी की त्याचा दांडा विमानाला पक्का जखडलेला असे व पंख्याबरोबर सगळे इंजिनच गरगर फिरत असे. शोभेचे नऊ सिलिंडर तर मला बसवायचेच होते. ते प्लास्टिकऐवजी भरीव ॲल्युमिनियमचे केले, तर शिशाचे काम तेच करणार होते.

ते काम घेऊन मी उद्यमनगरात गेलो. शेतीपंपापासून साखर कारखान्यांपर्यंतचे सुटे भाग ज्या गल्ल्यांत घडले, तिथे दोन बोटे जाडीचा एक सिलिंडर म्हणजे किरकोळ काम होते. लेथवरच्या गृहस्थांनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "काका, ह्ये खेळणंच हाय न्हवं? मग चकत्या एवढ्या मोजून कशाला?" मी त्यांना सिलिंडर हवेने थंड व्हावा म्हणून त्यावर चकत्या असतात, हे सांगू लागलो. ते त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. त्यांना विचारायचे होते ते एवढेच की, ज्या सिलिंडरात कधी काही पेटणार नाही, तो कशासाठी थंड करायचा. या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. चार दिवसांनी त्यांनी चाळीस-चाळीस ग्रॅमचे नऊ सिलिंडर वर्तमानपत्रात गुंडाळून दिले आणि चकत्या मोजून पाहिल्या, तर त्यांत एकीचीही चूक नव्हती.

वैमानिकाचा चेहरा हा दुसरा प्रश्न होता. कॅमल चालवणाऱ्यांत एक शीख वैमानिक होते, रावळपिंडीला जन्मलेले हरदितसिंग मलिक. १९१७ साली २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये असताना त्यांनी पगडीवर बसेल असे खास शिरस्त्राण करून घेतले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पायात गोळी लागून ते विमानासह खाली आले, वाचले आणि पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. माझ्या विमानात तेच बसणार हे ठरले होते. कुंभार गल्लीतल्या एका मूर्तिकाराला मी कागदाच्या लगद्याचे लिंबाएवढे डोके करायला सांगितले, तर त्याने हौसेने त्यावर तुऱ्यासकट कोल्हापुरी फेटा चढवून दिला. तुरा कापताना मला उगाचच अपराधी वाटले.

आता वासाविषयी सांगायला हवे, कारण घरातली खरी कुरबुर त्यावरूनच होती. फिरत्या इंजिनांत इंधनाचा वाफारा इंजिनाच्या पोटातूनच जात असे. साधे खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून गेले असते, म्हणून वंगणाला एरंडेल वापरत. ते परत फिरत नसे, जळके-अर्धजळके बाहेर फेकले जाई आणि वैमानिकाच्या तोंडावर, नाकात, पोटात जाई. एरंडेल पोटात गेल्यावर काय होते, हे महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या माणसाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रविवारी सकाळी आजी बशीत चहा आणि चमच्यात एरंडेल घेऊन उभी राहायची, तेव्हा आम्ही भावंडे परड्यात पळायचो. माझ्या छोट्या इंजिनाचे इंधन म्हणजे मिथेनॉल आणि त्यात हेच एरंडेल. एवढी एक गोष्ट लहान करावी लागली नाही. पहिल्यांदा इंजिन सुरू केले, तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, कुणाचं पोट बिघडलंय?"

उजळाईवाडीच्या विमानतळाच्या आसपास असले काही उडवायला परवानगी लागते, म्हणून आम्ही पन्हाळ्याच्या वाटेवर, जोतिबाचा डोंगर समोर दिसेल अशा एका पाहुण्यांच्या माळावर गेलो. खऱ्या कॅमलमध्ये फिरत्या इंजिनाच्या भोवऱ्यामुळे उजवीकडचे वळण झटक्यात होई आणि नाक खाली जाई. डावीकडे तेच वळण रेंगाळे आणि नाक वर उठे. शिकाऊ वैमानिक त्यात फार मेले. माझ्या विमानाला हा स्वभाव नाही, दोन्ही बाजूंना ते सारखेच वळते. त्याची खोड निराळी. ते आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की त्याची उजवी ती आपली डावी होते, आणि हातातल्या दांडीवरचा अंगठा नेमका त्याच क्षणी गोंधळतो. मी तोंडाने "त्याची उजवी, त्याची उजवी" असे पुटपुटत होतो, तसे बैलाला शेंग चारणारे पाहुणेही हळूहळू माझ्याकडे पाहू लागले.

शंभर मीटरवर गेल्यावर मात्र ते सहाशे मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढेच दिसते, कारण आभाळात शेजारी झाड नसते की घर नसते. दोन फेऱ्या मी तसा भुलून पाहत राहिलो. मग डोंगरावरून वाऱ्याची एक झुळूक आली. मूळ विमानाने ती अंगावरून निथळू दिली असती, पण वाऱ्याला काही कोणी सहाने भागलेले नव्हते. विमान वाळत घातलेल्या धोतरासारखे फडफडले आणि सगळा भास उडाला. उतरताना चाके गवतात अडकली आणि आखूड नाकाच्या विमानाने जे करायचे तेच त्याने केले: शेपटी वर करून ते नाकावर उभे राहिले. पंखा तुटला, पुढचे कवच फुटले, मलिकसाहेबांची पगडी शाबूत होती. नऊपैकी एक सिलिंडर गवतात कुठे उडाला, तो तासभर चौघांनी शोधूनही सापडला नाही.

सोमवारी मी पुन्हा उद्यमनगरात गेलो आणि ओशाळत एकच नग हवा असल्याचे सांगितले. त्या गृहस्थांनी लेथ न थांबवता फळीवरच्या डब्यात हात घालून, तेल लागलेला तसाच एक सिलिंडर माझ्या हातावर ठेवला.

"तवाच धा केलं हुतं, काका," ते म्हणाले. "उडणार म्हटल्यावर पडणार न्हाई व्हय?"